शनिवारचा बाजार आणि चतुर्थीचं पाणी

अन्याय झाला तो हिरूबाय कोळणीवर. माघ वद्य चतुर्थीला, रविवारी, सकाळी आठच्या सुमाराला, आमच्या गावच्या मोठ्या विहिरीवर. देश स्वतंत्र होऊन तेव्हा सात वर्षं उलटली होती. तिची कळशी अर्धी वर आली होती. सरपंचांनी तिच्या हातातून दोर काढून घेतला, कळशी कठड्यावर उपडी केली आणि चारचौघांदेखत सांगितलं, "उद्यापासून कोळीवाड्यातली एकही बाई इथं दिसता कामा नये. बाजार उरकून येता आणि खारवलेल्या मासळीच्या टोपल्या इथं धुता. आमचं पाणी खारट केलंत तुम्ही." त्याच दिवशी चावडीवर ठराव झाला. त्यावर पाच सह्या आहेत. चौथी माझ्या वडिलांची.

हे सगळं इतकं नेमकं सांगते आहे, कारण "पूर्वी कधीतरी गावात थोडं काही झालं होतं" असं म्हणायची आपल्याकडे फार सोय आहे. कधीतरी नाही. चतुर्थीला.

मी आता उरणकडे एका शाळेत शिकवते. खिडकीतून मिठागरं दिसतात, माघ लागला की त्यांच्यावर ऊन असं पडतं की फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी होतात. परवा मधल्या सुट्टीत माठातलं पाणी प्यायले आणि घोट जिभेवर थांबला. मचूळ. दुसरी एखादी बाई भांडं ठेवून देईल, नाहीतर शिपायाला बोलेल. मी भिंतीवरचं पंचांग गाठलं. माझ्याबरोबरच्या बाई हसल्या, "अहो, पाणी प्यायला पण मुहूर्त बघता?" त्यांना काय सांगणार? एका उन्हाळ्यानं माझ्या जिभेला तिथी विचारायची खोड लावली आहे, आणि माघ आला की ती जागी होते.

त्या माघाचा वास अजून नाकात आहे. किनाऱ्यावर वलांड्या उभ्या होत्या, बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून लटकलेले, वारा आला की सगळे एकदम हलायचे. भात कापून मोकळ्या झालेल्या खाडीकाठच्या खाजणात भेगा पडलेल्या आणि भेगांच्या कडेला पांढरी रेघ. त्या रेघेला आम्ही मीठ फुटलं म्हणायचो. शेताला मीठ फुटलेलं दिसत होतं, आणि विहीर तिथून पन्नास पावलांवर. तरी आमचं बोट गेलं ते टोपलीकडे. माणूस हाताशी असला की जमिनीकडे कोण बघतो!

मी एकोणीस वर्षांची होते. पत्रकं लिहायला शिकले होते, आणि बरी लिहायचे. पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत अन्याय करणारा, तिसरीत मागणी. ठराव झाल्याचं कळलं त्याच दुपारी मी पत्रक लिहून काढलं, अलिबागेहून छापून आणलं आणि घरोघर वाटलं. मथळा होता: "पाणी गोड आहे! खोट्या अफवांना बळी पडू नका!"

वडील, म्हणजे आप्पा, शाळामास्तर. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली, आत जाऊन पेलाभर पाणी आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"पी."

मी प्यायले. खारट होतं. नुसतं मचूळ नव्हे, खारट.

"आता वाच तुझं पत्रक."

मला वाचवेना. गावात तर हसूच झालं. विहिरीवर एक बाई दुसरीला कळशी देताना म्हणाली, "घे, मास्तरांच्या मुलीचं गोड पाणी." मी ज्यांची बाजू घेतली होती त्यांचं माझ्या मथळ्यानं आणखीच नुकसान केलं. पाणी खारट आहे हे प्रत्येक जिभेला ठाऊक होतं. ते नाकारणारी माणसं खोटारडी, आणि खोटारड्यांची बाजू ती खोट्याचीच, इतका सरळ हिशेब.

हिरूबायकडे गेले तेव्हा ती वलांडीखाली बसून पडलेले बोंबील वेचत होती. पन्नाशीची असेल, उजवा गुडघा धरलेला, म्हणून एक पाय लांब करून. मला बघून म्हणाली, "ये गो, मास्तरांचे पोरी. पानी गोड हाय म्हनून लिवलंस? जीभ काय सुकटीत पुरून ठेवली व्हतीस?"

"मी तुमच्यासाठीच लिहिलं हो."

"आमच्यासाठी लिवायचं तर आमाला इचारायचं. पानी खारट हाय. पन ते आमी क्येलं न्हाय. या दोन गोष्टी हायत, बाय. तू एकच क्येलीस."

पत्रकं लिहायला शिकवताना हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आईचा एक मावसभाऊ होता, नाना. मुंबईला गोदीच्या कचेरीत भरतीओहोटीची नोंद ठेवण्यात त्याचा जन्म गेला होता. तिथं एक पिंप हळूहळू फिरायचं, पिंपावर कागद, कागदावर लेखणी, आणि समुद्र चढेल-उतरेल तशी लेखणी रेघ काढायची. नानाचं काम त्या रेघेचे आकडे करायचं. निवृत्त होऊन तो गावी आला तो तंबाखू, चष्मा आणि बेरजांची सवय घेऊन. मी रागारागानं सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"सरपंच काय म्हणतात? पाणी कशानं खारट होतं?"

"टोपल्यांनी. शनिवारच्या बाजारानंतर."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला ठाऊक नाही. पण खाडीचं पाणी येत असेल. उघाडीची झडप कुजलीय." खारबांधाला पाण्यासाठी जे दार असतं त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती राखायची जबाबदारी पंचायतीची होती.

"मग भांडण कशाला?" नाना म्हणाला. "बाजाराचा फेरा सात दिवसांचा. उधाणाचा फेरा पौर्णिमा ते अमावास्या. विहिरीलाच विचार ती कुणाच्या चालीनं चालते. मात्र तिला बोलायला वेळ दे."

मग त्यानं पाटीवर एक वेडीवाकडी रेघ काढली. म्हणाला, समुद्राची रेघ अशी दिसते, कशाला कशाचा मेळ नाही. पण तिच्यात चंद्राचा फेरा असतो, सूर्याचा असतो, आणखी बारीकसारीक पाचसात, सगळे एकमेकांवर चढून बसलेले. बाजारातल्या गलबल्यात नुसतं उभं राहिलं तर नुसता गलबला ऐकू येतो. पण पाववाला दर थोड्या वेळानं ओरडतो हे धरून कान दिला की तेवढाच आवाज वेगळा निघतो. आकड्यांचं तसंच. सात दिवसांच्या ओळी मांडून उभ्या बेरजा घे. सात दिवसांचा फेरा असेल तर एका रकान्यात आकडे साचतील. नसेल तर सगळ्या बेरजा सारख्याच येतील.

"आणि दोन नोंदी हव्यात," तो म्हणाला. "एक विहिरीची, एक भरतीची. विहीर लिहिणाऱ्यानं भरती बघायची नाही, भरती लिहिणाऱ्यानं विहीर चाखायची नाही. नाहीतर तुझी जीभ तुला हवं तेच सांगेल."

भरती लिहायला हिरूबायइतकं योग्य माणूस नव्हतं. विहीर चाखायची सोय सरपंचांनी तिला ठेवलीच नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं. धक्क्याजवळ तिच्या दिराची एक जुनी होडी उपडी पडलेली होती, डांबर लावलेली. दिवसाच्या भरतीला धक्क्याच्या किती पायऱ्या बुडाल्या तितक्या चुन्याच्या रेघा ती होडीच्या काळ्या बुडावर ओढायची. एका दिवसाच्या रेघा एकाखाली एक, दुसऱ्या दिवसाच्या शेजारी. मी रोज सकाळी विहिरीचं पाणी चाखायचे आणि आकडा टाकायचे. गोड असेल तर शून्य, मचूळ एक, खारट दोन, थुंकावं लागेल असं तीन. वही कुठली? उरलेल्या पत्रकांची मागची बाजू. "पाणी गोड आहे"च्या पाठीवर मी दोन लिहीत होते, तीन लिहीत होते. चांगली शिक्षा होती.

फाल्गुन आला. कोळीवाड्यातल्या बाया डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या, जायला दीड मैल आणि यायला दीड मैल. सकाळी मी विहिरीवर पोचायचे तेव्हा त्यांची रांग बांधावरून परतत असायची, आणि रांगेच्या बरीच मागे हिरूबाय, एक हात गुडघ्यावर ठेवून. चुलीपाशी बसून न्याय लिहिणं सोपं असतं. होळीच्या आत मला पत्रक काढायचं होतं. नानापुढे वही आपटली.

"दोन उधाणं झाली. दोन्ही वेळा चतुर्थीला खारट. आणखी काय पाहिजे तुला?"

"वार काय होते?"

मी बघितलं. एकदा रविवार, एकदा सोमवार.

"शनिवारच्या लगेच नंतर," नाना म्हणाला. "म्हणजे सरपंच पण खरे आणि तू पण खरी. बघ बये, दोन बाजार म्हणजे चौदा दिवस. उधाणाचा फेरा जवळजवळ पावणेपंधरा. पाऊण दिवसाचा फरक. महिनाभर बघणाऱ्याला दोघं हातात हात घालून चालल्यासारखेच दिसणार. गावाला तसंच दिसलं. गाव खोटं बोललं नाही, लवकर बोललं."

मधल्या शनिवारचं काय, मी विचारलं. एका बाजारानंतर पाणी खारट, पुढच्या बाजारानंतर बरं, हे कुणालाच कसं दिसलं नाही? नाना हसला. "खारट पाणी आठवतं. बरं पाणी कोण आठवतं? वर म्हणतील, त्या शनिवारी धुतल्या नसतील टोपल्या."

आणि खरंच, आठ दिवसांनी वाण्याच्या दुकानात मी हे शब्द जसेच्या तसे ऐकले.

दोन्ही फेरे वेगळे पडेपर्यंत, म्हणजे वैशाखापर्यंत, थांबायचं ठरलं; ते हिरूबायला सांगायला गेले. तिनं ऐकून घेतलं. "वैशाखापर्यंत? बरं. तू बसून थांब. मी चालून थांबते." रेघा मात्र एक दिवस चुकवल्या नाहीत.

चैत्रात उन्हं तापली. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की दोराला गाठ मारून वाढवावा लागायचा. खारटाचे दिवस आता मंगळवारी येत होते, बुधवारी येत होते. मी त्यांच्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तशी बघत होते. कधी वाटायचं, हे सगळं वेड आहे. एक बाई तीन मैल चालतेय आणि मी पाणी चाखून आकडे टाकतेय! अजूनही तसं वाटतं. धीर धरायला सांगणाऱ्याचे पाय दुखत नाहीत. धीराशिवाय दुसरा मार्ग नव्हता हे खरं, पण म्हणून धीराची किंमत कुणी भरली हे विसरायचं नसतं.

वैशाखात, पौर्णिमेच्या चार दिवस आधी, आम्ही बेरजांना बसलो. मी उत्साहानं तारखांप्रमाणे ओळी मांडल्या, पंधरा-पंधराच्या. काहीच नीट साचेना. ढीग एका रकान्यातून दुसऱ्यात सरकत, पसरत गेला. मला रडू यायला लागलं. हिरूबाय उंबऱ्यात बसली होती, ती म्हणाली, "समुद्र काय तुझे तारकेवर येतो? आमी जाळी काय तारीक बघून टाकतो?" माझा जन्म किनाऱ्यावर गेला, आणि शाळेच्या हजेरीपटासारखी मी खाडीची हजेरी घेत होते. तिथींप्रमाणे पुन्हा मांडलं. गळालेल्या तिथीची जागा रिकामी सोडली.

आधी सातांच्या ओळी. रविवार ते शनिवार, ढीग कुठल्याच एका वारावर नाही, पसरलेला. शनिवारनंतरचा रविवार बाकीच्यांहून वरचढ नव्हता. मग तिथींच्या ओळी. प्रतिपदा कमी, द्वितीया कमी, तृतीया चढली, चतुर्थी-पंचमीला ढीग, आणि अष्टमीपासून पुढे शून्याजवळ. शुद्ध पक्षातही तसंच, वद्य पक्षातही तसंच. मग होडीवरून उतरवून आणलेल्या हिरूबायच्या रेघा. तिचा ढीग प्रतिपदा-द्वितीयेला. दोन डोंगर, एकाच आकाराचे, मध्ये तीन दिवसांचं अंतर. प्रत्येक पक्षात तेवढंच अंतर.

नानानं चष्मा काढला. "दोघं एकदा भेटले म्हणून सोबती होत नाहीत. एकाच चालीनं, मध्ये तेवढंच अंतर राखून शेवटपर्यंत चालले, तर म्हणायचं. खाडी पुढे, विहीर तीन दिवस मागे. वाळूतून झिरपायला वेळ लागतो."

"बरा हाय," हिरूबाय म्हणाली. "न्हायतर सरपंच सांगंल, विहिरीनंच खाडी खारट क्येली!"

आम्ही हसलो. पण नाना लगेच गंभीर झाला. दोन गोष्टी एका चालीनं चालतात म्हणून एक दुसरीला चालवते असं होत नाही, म्हणाला. तिसरंच कुणी दोघांना चालवत असेल. झडप बंद करून बघा.

भांगाचं पाणी होतं, म्हणजे भरती अगदी उतरलेली. हिरूबाय आणि मी उघाडीत उतरलो. कुजलेल्या फळ्यांमधून हात जात होता. ती शिडाचं जुनं कापड पिळून भोकांत कोंबायची, मी वरून पेंढा आणि चिखल थापायचे. गुडघ्यापर्यंत चिखल, खेकडे, आणि तिचं सतत बोलणं: "दाब. आनखी दाब. पत्रक न्हाय ते, फाटनार न्हाय." पौर्णिमा आली. उधाण आलं, धक्का बुडाला. चतुर्थी आली, पंचमी आली. विहिरीचं पाणी चाखलं. शून्य.

त्या दिवशी मी पेला भरून आप्पांपुढे ठेवला. "प्या." ते प्यायले. पेल्याच्या तळाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "गोड आहे." ठरावावर सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली नव्हती.

पुढे काय झालं ते फार छोटं आहे, आणि राग येतो तो त्याचाच. सभेत मी कागद मांडले. सरपंच म्हणाले, "बरं, झडप बदलू." पावसाआधी खरोखरच नवी बसली, चांगली सागाची. मी म्हटलं, आणि ठराव? ते म्हणाले, "पाणी गोड झालं ना? आता जुनं कशाला उकरतेस? येऊ देत बायांना. कोण अडवतंय?" कुणी अडवत नव्हतं. एक एक करून बाया विहिरीवर यायला लागल्या, खाली मान घालून, परवानगी मिळाल्यासारख्या.

हिरूबाय आली नाही. मी तिला आणायला गेले. मला वाटलं होतं, आपण जिंकलो.

"मी न्हाय येनार," ती म्हणाली. "जा म्हनून पाच जनांनी सांगितला, कागुद करून सांगितला. ये म्हनून कुनी सांगितला? वाऱ्यानं?"

"पण आता सगळ्यांना कळलंय तुमची चूक नव्हती."

"कललंय ना? मंग सांगायला काय जीभ झडते?"

आठ वर्षं झाली. ती अजून झऱ्यावर जाते. गुडघा आता वाकत नाही, म्हणून कळशी लहान केली आहे आणि खेपा वाढवल्या आहेत. मी त्या वेळी मानत होते की खरं काय ते मांडलं की पुढचं आपोआप होतं. आकड्यांनी त्यांचं काम केलं. विहीर कुणाबरोबर चालते ते त्यांनी सांगितलं, त्यात एका दाण्याची चूक नव्हती. पण एका बाईला दार उघडून "आमचं चुकलं" म्हणायचं काम कुठल्याही रकान्यात येत नाही. ते पायांनी जाऊन, तोंडानं करावं लागतं. ते आमच्या गावात कुणी केलं नाही. आप्पांनी नाही. आणि मीही ते त्यांच्याकडून करवून घेतलं नाही. झडप बसली त्या आनंदात मी मास्तरकीच्या परीक्षेला निघून गेले.

मागच्या सुट्टीत चावडीवर जाऊन ठरावांची वही मागितली. पान तिथंच आहे. शाई थोडी उडाली आहे, पाचही सह्या वाचता येतात. कुणी रद्द केलेला नाही. म्हणजे कायद्यानं हिरूबाय आजही त्या विहिरीवर येऊ शकत नाही, आणि बाकीच्या येतात त्या गावाच्या मेहेरबानीनं.

तुम्ही हे वाचलंत. हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. तुमच्याही गावच्या वहीत असं एखादं पान असेल. पाण्यावरून, वाटेवरून, देवळाच्या पायरीवरून कुणाला तरी घाईघाईनं दोषी ठरवलेलं असेल, आणि नंतर गुपचूप विसरलेलं. चावडीवर जा. वही मागा, उभ्यानं वाचा. पुढच्या सभेत तो ठराव मोठ्यानं वाचून रद्द करून घ्या. आणि सभा संपली की घरी जाऊ नका. ज्यांनी सह्या केल्या त्यांना बरोबर घ्या, ज्याच्याविरुद्ध तो ठराव होता त्याच्या दारात जा, त्याला नावानं हाक मारा आणि सांगा: आमचं चुकलं, या.